भिंतीशी चिनी

आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटवाला. माझं मराठी सांभाळलं ते घरी आजीने आणि इथे मेसच्या काकांनी. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण आजचा विषय मला मराठीतच नीट सांगता येईल. का, ते पुढे कळेलच.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इन-प्लँट ट्रेनिंगला एका कारखान्यात होतो. तिथे चीनमधून मशीन आलं होतं आणि ते बसवायला एक इंजिनिअर. मी आठ महिने पुस्तकावरून चिनी शिकत होतो, तीनशेच्या आसपास अक्षरं वाचता यायची. म्हटलं, आता दाखवू या! दुपारी तो बाकावर डोळे मिटून बसला होता. 'झोप येतेय का?' असं विचारायचं म्हणून मी म्हणालो, 'नी श्याङ श्वेइच्याओ मा?' तो एकदम ताठ बसला. 'श्याङ, श्याङ,' म्हणाला, भराभरा बोलत सुटला आणि मोबाईलमधला फोटो दाखवला. टेबलाभोवती सगळं घर बसलेलं, मध्ये वाफाळत्या ताटल्या. मला एक शब्द कळला नाही. मी हसून मान हलवली आणि त्याला रेस्टरूमची कॉट दाखवली. त्याचा चेहरा पडला.

रात्री डिक्शनरी उघडली तेव्हा उलगडा झाला. 'श्वेइच्याओ' दोन्ही वेळा वरून खाली आणलं तर झोपणं. पहिल्यांदा वर नेलं आणि दुसऱ्यांदा खालच्या सुरात म्हटलं तर उकडलेले डंपलिंग, साधारण आपल्या मोदकांच्या चुलत घराण्यातले. आणि 'श्याङ' म्हणजे 'वाटणं', तसंच 'आठवण येणं'. म्हणजे मी घर सोडून आलेल्या माणसाला विचारलं होतं, 'डंपलिंगची आठवण येते का?' आणि त्याने मन मोकळं केल्यावर त्याला कॉट दाखवली! तिसऱ्या दिवशी तो परत गेला.

त्या दिवशी ठरवलं, बोलणं सुधारायचं. पण होस्टेलमध्ये चिनी बोलणार कोणाशी? चीनला जायला पैसे कोण देणार? मग जे केलं ते असं.

१) आधी इंग्रजी विसरा. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची 'पिनयिन' पद्धत १९५८ साली चीनमध्ये मंजूर झाली. आपण ती अक्षरं इंग्रजीसारखी वाचतो आणि फसतो. मँडरिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला आपले ब, ड, ग नाहीतच. पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला प, आणि 'पी' म्हणजे फणसातला फ (ओठ मिटून, फॅनमधला नव्हे). तसंच 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'झेड' हा चाकातला च आणि 'जे' हा साधारण चिमणीतला च. इंग्रजीत हा फरक कोणी शिकवत नाही, आजीने मात्र तो फुकट शिकवला होता! 'एसएच' म्हणजे षटकोनातला ष, जीभ मागे वळवून. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. प ला ती जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे, फ ला उडाली पाहिजे.

२) सूर म्हणजे ग्राफ. मँडरिनमध्ये चार सूर आहेत. चाओ युआनरन या भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली सूर मोजायला १ ते ५ अशी पट्टी सुचवली. त्या पट्टीवर पहिला सूर ५-५, म्हणजे उंच आणि सपाट. दुसरा ३-५, आपण आश्चर्याने 'काय?' म्हणतो तसा. तिसरा २-१-४, पण वाक्यात तो बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो. चौथा ५-१, 'गप!' म्हणून दटावल्यासारखा. दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर पहिल्याचा दुसरा होतो, 'नी हाओ' मध्ये होतो तसा. आणि प्रश्न विचारताना वाक्याचं शेपूट वर नेऊ नका. तिथे प्रश्नाचं काम शेवटचा 'मा' करतो. आपण सवयीने आवाज चढवला की शब्दच बदलायची भीती.

३) सावलीसारखं बोला. वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग घ्या, त्यातला प्रत्येक शब्द आधी समजून घ्या. मग हेडफोन लावून बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागून त्याच्याबरोबर बोला. दहा वेळा. रोज नवा तुकडा घेण्यापेक्षा एकच तुकडा आठवडाभर घासलेला बरा.

४) स्वतःला रेकॉर्ड करा. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते. वाटू दे. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेलं 'प्रात' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते आवाजाच्या सुराचा आलेख काढून देतं. मूळ बोलणाऱ्याचा आलेख वर, आपला खाली. उंची जुळायची गरज नाही, आकार जुळला पाहिजे. माझा चौथा सूर खाली येतच नव्हता, हे कानाला कळलं नाही पण डोळ्यांना दिसलं.

५) मोबाईलला परीक्षक करा. व्हॉइस टायपिंग चिनीवर ठेवा आणि बोला. पण पूर्ण वाक्य बोललात तर ते संदर्भावरून अंदाज बांधतं आणि तुमची चूक झाकतं. म्हणून सुटे शब्द द्या. 'माइ' खालच्या सुरात म्हणजे विकत घेणं, वरून खाली म्हणजे विकणं. ही जोडी बरोबर उमटली की पुढे जा.

६) प्रश्न आधी, उत्तर नंतर. संभाषणात खरी अडचण वेळेची असते. म्हणून मी दहा प्रश्न रेकॉर्ड केले, प्रत्येकानंतर सहा सेकंद रिकामे सोडले. ते उलटसुलट क्रमाने वाजवायचे आणि त्या सहा सेकंदांत उत्तर द्यायचं. शब्द आठवला नाही तर येणाऱ्या शब्दांत वळण घ्यायचं, पण गप्प बसायचं नाही. रूममेट म्हणाला, 'अरे, भिंतीशी कसला भांडतोस?' आता तोही 'हाओ' म्हणतो.

खरं सांगू? याने ओघ येतो, उच्चार सुधारतो. पण समोरचा माणूस अनपेक्षित काही बोलला की काय करायचं, हे भिंत शिकवत नाही. म्हणून एक वाक्य सगळ्यात आधी घोटा: 'छिङ त्साइ श्वो ई प्येन', म्हणजे कृपया पुन्हा एकदा सांगा. त्या दुपारी मला एवढं जरी म्हणता आलं असतं, तरी त्या माणसाला कोणीतरी ऐकतंय असं वाटलं असतं.

रोज वीस मिनिटं, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. सहा महिने झाले. यंदा पुन्हा कोणी भेटला तर विचारायचा प्रश्न तयार आहे: 'नी श्याङ च्या मा?' घरची आठवण येते का? होस्टेलवाल्यांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नकोच!