तुमचा डॉक्टर नेमका कोण?

आषाढी एकादशीच्या रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या दाराशी रिक्षा थांबली. मुलगा आणि सून आजींना धरून आत घेऊन आले. वय अडुसष्ट. संध्याकाळपासून असंबद्ध बोलत होत्या, अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि आता हाकेला ओ देत नव्हत्या. घरच्यांना वाटले अर्धांगाचा झटका आला. शेजारणीने दृष्ट काढून झाली होती. बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहिली, ती ३४ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिले. थोड्याच वेळात आजींनी डोळे उघडले आणि विचारले, "मला इथं कशाला आणलंय?"

त्यांना घरी पाठवले नाही, रात्रभर रुग्णालयात ठेवायला लावले. या प्रकारच्या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा घसरते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. ते श्वासनलिकेत जाते.

दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितले, घरात असतील तेवढी औषधे आणि कागद घेऊन ये. प्लास्टिकची पिशवी आली. त्यात मधुमेहाच्या गोळ्यांची दोन पाकिटे होती. नावे वेगळी, रंग वेगळे, आतले औषध एकच, ग्लिमेपिराइड. एक पाकीट माझ्या चिठ्ठीचे. दुसरे आजींच्या घराजवळच्या एका डॉक्टरांच्या चिठ्ठीचे. त्यांची चिठ्ठी चूक नव्हती, माझीही नव्हती. पण आजी दोन्ही गोळ्या घेत होत्या आणि त्या दिवशी उपवास होता. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. "दुसरीकडे काही औषध चालू आहे का?" हा साधा प्रश्न मी त्यांना विचारलेला नव्हता. आजी मला आपला डॉक्टर समजतात, हे मी गृहीतच धरले होते.

त्या पिशवीतील वर्षभराचे कागद मी टेबलावर मांडले. अकरा भेटी निघाल्या. चार माझ्याकडे, तीन त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे, दोन सरकारी रुग्णालयात, एक शिबिरात आणि एक गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे. म्हणजे सर्वांत जास्त वेळा ज्याच्याकडे गेल्या त्याच्याकडेही अकरापैकी चारच वेळा. चाराला अकराने भागले तर ०.३६ येते. हा हिशेब माझ्या डोक्यातून निघालेला नाही. माणसाला नेहमीचा डॉक्टर आहे की नाही हे मोजण्याची ही एक रूढ पद्धत आहे आणि जगभरचे अभ्यासक ती वापरतात. सगळ्या भेटी एकाकडेच असतील तर उत्तर १ येते. भेटी जितक्या विखुरलेल्या, तितका आकडा शून्याकडे सरकतो.

आपल्याकडे आरोग्यसेवेची मोजणी होत नाही असे नाही. पण ती बहुधा इमारतींची होते. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे २०,००० आणि ३,०००, असे प्रमाण ठरलेले आहे. केंद्र आहे की नाही, एवढे यावरून कळते. आजींच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरात दोन दवाखाने आहेत. या मोजणीत त्या पहिल्या वर्गात पास होतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत याच्या थोडा पुढचा प्रश्न असतो. घरात कोणी आजारी पडले तर तुम्ही साधारणपणे कोठे जाता? २०१५-१६ च्या पाहणीत सुमारे ५५ टक्के कुटुंबांनी सांगितले की आम्ही सरकारी दवाखान्यात साधारणपणे जात नाही. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. माहिती मोलाची आहे, पण येथे दोन गोष्टी राहून जातात. पहिली, उत्तर "सरकारी" किंवा "खाजगी" असे येते. खाजगी म्हणजे एकच दवाखाना की पाच, ते कळत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. घरातील एका माणसाला विचारून सगळ्या घराचे उत्तर लिहिले जाते. आमच्या भागातला कर्ता पुरुष छाती पुढे काढून सांगतो, "आमचे फॅमिली डॉक्टर अमुक अमुक." त्याच घरातल्या सुनेला बाजूला घेऊन विचारा. मुलांना घेऊन ती कैकदा आलेली असते, पण स्वतःसाठी दवाखान्याची पायरी बाळंतपणानंतर चढलेली नसते. अंगावरून जास्त जाते, चक्कर येते, हे ती मुलाच्या खोकल्याचे औषध घेता घेता दाराशी उभी राहून सांगते. तिला डॉक्टर आहे असे म्हणायचे की नाही?

कॅनडात ही मोजणी सरळ केली जाते. तेथील सरकारी पाहणीत प्रत्येकाला विचारतात की, तुम्हाला गरज पडेल तेव्हा नेहमी ज्याच्याकडे जाता किंवा ज्याच्याशी बोलता असा आरोग्यसेवक आहे का? आरोग्यसेवक म्हणजे डॉक्टरच हवा असे नाही, प्रशिक्षित परिचारिकाही चालते. त्या श्रीमंत देशातही २०२१ मध्ये १२ वर्षांवरील साधारण दर सात जणांत एकाने "नाही" असे उत्तर दिले.

नॉर्वेत तर २००१ पासून प्रत्येक नागरिकाच्या नावापुढे एक ठरलेला डॉक्टर असतो. तेथील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. ज्यांचा डॉक्टर १५ वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांची तुलना वर्षभरापूर्वीच डॉक्टर लाभलेल्यांशी केली. पहिल्या गटात रात्री-अपरात्री तातडीने धाव घेण्याची, रुग्णालयात दाखल होण्याची आणि मृत्यूची शक्यता पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही थोडी अधिक कमी आढळली. अशा अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, हे खरे. धडधाकट, एका जागी स्थिरावलेली माणसे डॉक्टरही बदलत नसतील. अभ्यासकांनी वय, आजार वगैरेंचा हिशेब धरला होता, तरी शंकेला थोडी जागा उरतेच. पण त्या पिशवीतली दोन पाकिटे पाहिल्यावर मला फारशी शंका उरली नाही.

आता तुमची पाळी. गेल्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या, केस पेपर, तपासणीचे कागद काढा. घरातील प्रत्येक माणसाचा ढीग वेगळा करा, सगळ्यांचा मिळून एक नको. मग एका माणसाच्या ढिगातून डॉक्टरवार लहान ढीग लावा आणि सर्वांत मोठ्या ढिगातील भेटींना एकूण भेटींनी भागा. तीन-चारच भेटी असतील तर हा आकडा काढू नका, त्याला अर्थ राहत नाही. तज्ज्ञाकडे तुमच्याच डॉक्टरांनी पाठवले असेल तर त्या भेटी सोडून द्या. कागद मिळालाच नाही, नुसत्या पुड्या मिळाल्या, अशाही भेटी आठवून मोजा. औषधाच्या दुकानात "डोकं दुखतंय, काहीतरी द्या" म्हणून घेतलेल्या गोळ्या कशात धराव्यात, असे मला एका गृहस्थांनी विचारले. त्यांचा वेगळा ढीग करा. तो पाहून तुम्हीच चकित व्हाल.

आकडा चांगला आला म्हणजे उपचार चांगला असे मात्र समजू नये. दर वेळी नुसती सुई टोचून पाठवणाऱ्याकडे सलग दहा वर्षे गेलात तरी आकडा १ च येईल! म्हणून सोबत तीन गोष्टी पाहा. तुमच्या चालू गोळ्या कोणत्या, हे त्यांना ठाऊक आहे का? रविवारी किंवा रात्री अडचण आली तर काय करायचे, हे त्यांनी सांगितले आहे का? आणि हातात पैसे नसतील त्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडे जाऊ शकता का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर सरकारी आरोग्य केंद्रातील डॉक्टर किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी यांनाच आपले नेहमीचे माना. रक्तदाब आणि साखर यांची तपासणी व गोळ्या तेथे मिळतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. एकच डॉक्टर त्यांना कोठून असणार? त्यांच्यासाठी मी शंभर पानी वहीचा आग्रह धरतो. जेथे जातील तेथील डॉक्टरांनी त्या एकाच वहीत लिहावे. वही ओली होऊ नये म्हणून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवतात आणि ती खरेच परत येते. आयुष्मान भारतचा १४ अंकी आरोग्य क्रमांक ज्यांनी काढला असेल त्यांनी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. सध्या तरी माझा भरवसा वहीवर जास्त आहे.

आजींच्या बाबतीत मी त्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला. आमची पूर्वी ओळख नव्हती. त्यांचा दवाखाना आजींच्या घरापासून चार घरे सोडून, माझ्याकडे यायला रिक्षा लागते. साखर आणि रक्तदाब त्यांनी पाहायचे असे ठरले, मी माझी गोळी बंद केली. सुनेने औषधांसाठी कापडी पिशवी शिवली आहे, ती घेतल्याशिवाय आजी कोठेही जात नाहीत. परवा बाजाराच्या दिवशी आल्या होत्या. औषध नको होते. पिशवी माझ्यापुढे उघडून म्हणाल्या, "मोजून घ्या बाबा, एकच हाय."