शहर वाहतुकीचे अहवाल आणि थांब्यावरचा प्रवासी

शहर वाढले की वाहतुकीचा प्रश्न उभा राहतो, आणि प्रश्न उभा राहिला की त्याच्या अभ्यासासाठी समिती किंवा सल्लागार नेमला जातो. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, वर्तमानपत्रात ‘नव्याने अभ्यास होणार’ अशी बातमी आली म्हणजे बसथांब्यावर उभा असलेला माणूस ती पूर्ण वाचतही नाही. ‘आणखी एक अहवाल, आणखी काही कोटी’ एवढेच तो म्हणतो आणि बस येते का ते पाहू लागतो. त्याचा हा संताप कितपत योग्य आहे, आणि तो योग्य ठिकाणी व्यक्त होतो का, याचा विचार पुणे शहराच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पुणे निवडण्याचे कारण असे की, एखाद्या योजनेचा अभ्यास लांबत गेला तर काय होते आणि पुरेसा झाला नाही तर काय होते, या दोहोंचे दाखले या एकाच शहरात सापडतात.

प्रथम अभ्यास म्हणजे नेमके काय, हे पाहू. शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा करताना निवडक घरांत जाऊन माणसे कोठून कोठे, कशासाठी आणि कशाने जातात हे विचारले जाते. प्रमुख चौकांत आणि पुलांवर वाहने मोजली जातात. या माहितीवरून गणिती पद्धतीने पुढील वीस-तीस वर्षांच्या प्रवासाचा अंदाज बांधतात. त्यानंतर ठरावीक मार्गाचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो. मार्ग जमिनीवरून की जमिनीखालून, स्थानके कोठे, खडक किती खोल, जागा कोणाची जाणार, खर्च किती आणि भाड्यातून परत किती येणार, हे सारे त्यात असते. हे काम निरर्थक आहे असे कोणी म्हणू नये. हजारो कोटी रुपये जमिनीत पुरण्याआधी जमीन तपासली पाहिजे, हे व्यवहारज्ञानही सांगते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने तर, मेट्रो मागण्यापूर्वी बस, द्रुतगती बस वगैरे पर्यायांची तुलना करून दाखवणे सक्तीचे केले आहे.

आता पुण्याच्या मेट्रोचा प्रवास पाहावा. दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने पुण्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल २००९ साली सादर केला. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी अशा दोन मार्गिका त्यात होत्या. २०१४ च्या आरंभी केंद्राची तत्त्वत: मान्यता मिळाली. पण मार्ग उन्नत असावा की भुयारी, या वादाने पुन्हा उचल खाल्ली. समिती नेमली गेली, सूचना मागविल्या गेल्या, जंगली महाराज रस्त्यावरून जाणारा मार्ग मुठेच्या काठाकडे सरकविण्यात आला आणि अहवाल सुधारावा लागला. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ७ डिसेंबर २०१६ रोजी मिळाली, तेव्हा खर्चाचा आकडा ११,४२० कोटी रुपये होता. त्याच महिन्यात भूमिपूजन झाले. नदीकाठच्या सुमारे पावणेदोन किलोमीटर मार्गावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दावा चालला. पहिली गाडी धावली ती ६ मार्च २०२२ रोजी, वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी एवढ्याच टप्प्यांत. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू होण्यास २९ सप्टेंबर २०२४ उजाडला.

अहवालापासून पहिल्या गाडीपर्यंत तेरा वर्षे झाली. बांधकामास पाच वर्षे लागली म्हणून कोणी फारसे रागावत नाही, कारण खांब उभे राहताना दिसतात. राग येतो तो त्याआधीच्या सात वर्षांचा. शिवाय नागपूरच्या मेट्रोला ऑगस्ट २०१४ मध्ये मंजुरी मिळाली आणि मार्च २०१९ मध्ये तिची गाडी धावलीही. पुणेकरांना हे झोंबले यात नवल नाही. गमतीचा भाग असा की, पुण्याचे काम पुढे ज्या महामेट्रो या संस्थेकडे गेले ती नागपूरच्या मेट्रो कंपनीचीच विस्तारित आवृत्ती होय.

आता लोकांच्या आक्षेपाकडे वळू. ‘अहवालांवर कोट्यवधी उधळले’ असे सर्रास बोलले जाते. सल्लागाराचे मानधन महापालिकेच्या, म्हणजे करदात्याच्या पैशातून जाते, आणि त्याचा हिशेब मागणे हा नागरिकाचा हक्कच आहे. तथापि अकरा हजार कोटींच्या कामापुढे अहवालाची किंमत किरकोळ ठरते. खरा खर्च वेळेचा आहे आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. साधे गणित करून पाहू. चांगल्या सोयीअभावी एखाद्या विद्यार्थ्याचा किंवा कामगाराचा रोज अर्धा तास वाया जातो असे धरले, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत दीडशे तास होतात आणि तेरा वर्षांत एकोणीसशे पन्नास. आठ तासांच्या दिवसाप्रमाणे हे जवळजवळ अडीचशे कामाचे दिवस भरतात. सल्लागाराचे बिल महापालिका भरते, हे बिल मात्र प्रवासी स्वत:च्या आयुष्यातून भरतो, आणि त्याची पावतीही त्याला मिळत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. विलंबामुळे अभ्यासाचा विषयच बदलून जातो. बसच्या भरवशावर न राहता एखादे कुटुंब कर्ज काढून दुचाकी घेते. पुण्यात हे घरोघर घडले आहे. एकदा दुचाकी दारात आली की ते कुटुंब सहसा बसकडे परतत नाही. बसचा प्रवासी कमी होतो, उत्पन्न घटते, फेऱ्या कमी होतात आणि उरलेला प्रवासीही दुचाकीच्या दुकानाकडे वळतो. इकडे शहरही थांबत नाही. ज्या दोन मार्गिकांवर इतकी वर्षे काथ्याकूट झाला त्यांत हिंजवडीचा समावेश नव्हता. तिच्यासाठी तिसरी मार्गिका, वेगळी संस्था आणि वेगळा अहवाल करावा लागला. जुन्या सर्वेक्षणातील माणसे जेथे जात होती तेथे ती आता जात नाहीत. म्हणून पुन्हा सर्वेक्षण. विलंबामुळे अभ्यास शिळा होतो, आणि शिळा झाला म्हणून नव्या अभ्यासासाठी आणखी विलंब होतो, असे हे दुष्टचक्र आहे.

मग अभ्यासाला फाटा देऊन कामाला लागावे काय? याचेही उत्तर पुण्यानेच देऊन ठेवले आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर देशातील पहिला द्रुतगती बसमार्ग सुरू झाला. केंद्राच्या नव्या नागरी योजनेतून पैसा येत होता आणि तो वेळेत घेण्याची घाई होती. रस्त्याच्या मधोमध बससाठी मार्गिका आखली गेली. पण थांब्यापर्यंत पायी सुरक्षित पोचायचे कसे, चौकात बस वळवायची कशी, खाजगी वाहनांना मार्गिकेत शिरण्यापासून रोखायचे कसे, या गोष्टी अर्धवट राहिल्या. म्हाताऱ्या माणसाला भरधाव वाहनांतून वाट काढत रस्त्याच्या मध्यावर जावे लागे. कल्पना उत्तम होती, तरी पुणेकरांच्या मनात बी.आर.टी. हा शब्द त्यामुळे बदनाम झाला तो झालाच. संगमवाडी-विश्रांतवाडी मार्गावर २०१५ साली अधिक नीट बांधलेली सेवा आली, पण पहिल्या प्रयोगाची कटुता पुरती धुऊन निघाली नाही. विद्यापीठ चौकातील उड्डाणपुलांचेही असेच. सुमारे दीड दशकापूर्वी बांधलेले ते पूल मेट्रोच्या आड येतात म्हणून २०२० मध्ये पाडावे लागले. तेथे रस्त्याचा विचार झाला होता, शहराचा नव्हता.

तेव्हा अभ्यास कमी की जास्त हा प्रश्न नसून, कोणता प्रश्न अभ्यासाने सुटतो आणि कोणता सुटत नाही, हे ओळखण्याचा आहे. खडक किती खोल आहे हे तज्ज्ञ सांगू शकतो. उन्नत मार्गाचा खर्च आणि भुयारी मार्गाचा खर्च तो शेजारी शेजारी मांडू शकतो, आणि भुयारी मार्ग कित्येक पटींनी महाग पडतो हे सर्वश्रुत आहे. परंतु जुन्या शहराचे रूप, रस्त्यावरची झाडे आणि नदीचा काठ यांसाठी आपण किती जास्त पैसे मोजावेत, हे कोणताही तज्ज्ञ सांगू शकत नाही. ती निवड आहे, आणि ती लोकप्रतिनिधींनी उघडपणे करावयाची असते. उन्नत मार्गाला किंवा नदीकाठच्या मार्गाला विरोध करणारे लोक आडमुठे होते असे मला वाटत नाही. त्यांचे अनेक मुद्दे बिनतोड होते. पण त्या मुद्द्यांवर होय किंवा नाही म्हणण्याऐवजी आणखी एक समिती नेमली गेली. समिती नेमली की कोणाचाही रोष ओढवत नाही. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे अभ्यासण्यासारखे पुष्कळ आहे. दोन महानगरपालिका, राज्य शासन आणि केंद्र शासन या चौघांची संमती लागते, प्रत्येकाला फेरविचार सांगण्याचा अधिकार आहे, आणि झालेल्या उशिराबद्दल जाब मात्र यांतील एकालाही द्यावा लागत नाही.

दिल्लीचे उदाहरण याच्या उलट आहे. तेथेही अहवालांची परंपरा काही दशकांची होती. परंतु १९९५ साली केंद्र आणि दिल्ली शासनाने मिळून एकच संस्था स्थापली, ई. श्रीधरन यांच्याकडे अधिकार सोपविले, १९९८ मध्ये काम सुरू झाले आणि डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी गाडी धावली. पुण्याचा अहवाल २००९ साली याच संस्थेने लिहिला होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. अहवाल लिहिणारे हात तेच होते.

या साऱ्या काळात एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले, ती म्हणजे साधी बस. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन परिवहन सेवा एकत्र करून पी.एम.पी.एम.एल. स्थापन झाली. (आम्ही अजून तिला पी.एम.टी.च म्हणतो.) बस वाढविण्यासाठी बोगदा खणावा लागत नाही, की नदीचा प्रश्न येत नाही. नादुरुस्त गाड्या दुरुस्त करणे, थांब्यावर छप्पर घालणे, वेळापत्रक लावणे आणि ते पाळणे, यासाठी कोणता सविस्तर प्रकल्प अहवाल हवा? मेट्रो येणार, मेट्रो येणार, या चर्चेच्या सावलीत ही कामे वर्षानुवर्षे मागे पडली. बसने जाणाऱ्यांत विद्यार्थी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि वृद्ध अधिक असतात. सूचना मागविण्यासाठी भरणाऱ्या सभांना त्यांना जाता येत नाही, कारण सभा संपते तेव्हा शेवटची बस गेलेली असते.

आणखी एक नोंद करून हा लेख संपवितो. शहराच्या १९८७ च्या विकास आराखड्यात ‘उच्च क्षमता द्रुतगती मार्ग’ म्हणून सुमारे छत्तीस किलोमीटरचे एक वर्तुळ आखलेले आहे. सार्वजनिक वाहतुकीसाठी ही जागा राखली गेली. तिचेही अहवाल झाले, रूप बदलत गेले, निविदा निघाल्या, त्या अंदाजापेक्षा फार चढ्या आल्या आणि काम थांबले. पुढे त्याच वर्तुळावर निओ मेट्रोचा विचार सुरू झाला आणि त्यासाठी नवा प्रकल्प अहवाल करण्याचे ठरले. आराखड्यात ती रेघ उमटली त्या वर्षी जन्मलेली मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि त्यांतील पुष्कळजण दुचाकीवरून कामाला जातात.