साद घातली तरी टर्की येत का नाही?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत, मिसुरी राज्यात राहते. तिथले एक शेजारी एप्रिल-मेमध्ये पहाटे तीनला उठून रानटी टर्कीच्या शिकारीला जातात आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येतात. एवढा थोराड, कोंबडीच्या कुळातला पक्षी मारणं इतकं अवघड कसं? आणि ऐन विणीच्या हंगामात शिकारीला परवानगी मिळतेच कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेजाऱ्यांची कीव करू नका. रिकाम्या हातानं परतणं ही या शिकारीतली नेहमीचीच गोष्ट. तुमच्या डोळ्यांपुढे बहुधा पोल्ट्रीतला पांढरा, छातीच्या भारानं उडताही न येणारा टर्की असावा. मिसुरीच्या रानातला नर आठ-दहा किलोंचा असूनही रात्री उंच झाडावर झोपतो, माणसाला सहज मागे टाकील असा पळतो आणि अगदीच अंगाशी आलं तर उडून जातो.

पण खरी अडचण त्याच्या पायांत किंवा पंखांत नाही. वसंतात नर पहाटे झाडावरूनच खणखणीत ‘गॉबल-गॉबल’ करतो, त्या आवाजाच्या रोखानं माद्या त्याच्याकडे चालत येतात आणि तो पिसारा फुलवून मिरवत राहतो. जाणं मादीनं, वाट पाहणं नरानं, ही त्यांच्यातली रीत. शिकारी मात्र मादीचा आवाज काढून झाडाला टेकून बसतो आणि नरानंच आपल्याकडे यावं अशी आशा धरतो. ही उलटी गंगा वाहवायची, म्हणून सगळा खटाटोप.

आपल्याकडे फासेपारध्यांची पाळीव तितराला पिंजऱ्यात बोलतं करून रानातला तितर बोलावण्याची जुनी रीत होती. तिथे हद्दीत घुसलेल्या परक्यावर चिडून नर आपण होऊन धावत येतो. टर्कीच्या बाबतीत आव्हान नाही, आर्जव आहे, आणि आर्जवाला उत्तर द्यायची त्याला घाई नसते.

अंधारात शिकारी आधी घुबडासारखा घुमतो. कुठल्याही मोठ्या आवाजानं दचकून नर झाडावरून ओरडतो आणि आपला ठावठिकाणा सांगून बसतो. मग शंभर-दीडशे यार्डांवर, पाचोळा न वाजवता पोहोचायचं, पाठीपेक्षा रुंद खोड पाहून बसायचं आणि मादीचा हलका आवाज काढायचा. नर लगेच ओ देतो. नवख्याला वाटतं, काम फत्ते! उजाडल्यावर नर खाली उतरतो आणि शेजारच्या झाडांवरून उतरलेल्या खऱ्याखुऱ्या माद्यांबरोबर भलत्याच दिशेला निघून जातो. हातची मादी सोडून लांबच्या आवाजामागे तो कशाला जाईल? अशा वेळी मुरलेले शिकारी नराचा नाद सोडून थोरल्या मादीच्या वाटेला जातात. ती जे बोलेल तेच, तिच्याहून चढ्या आवाजात परत बोलायचं. ती भांडायला तरातरा आली, तर नर तिच्यामागून येतो. मला या साऱ्या खेळातला हा डाव सर्वांत मजेदार वाटतो.

नर एकटा असला तरी साठ-सत्तर यार्डांवर येऊन थबकतो. ओढा, तारेचं कुंपण किंवा नुसता संशय, निमित्त काहीही चालतं. इथवर मी आलो, आता तू दिस, असा त्याचा हिशेब. शिकार छऱ्यांच्या बंदुकीनं किंवा बाणानं करायची, रायफल चालत नाही. अंगावर दाट पिसं असल्यामुळे छरे डोक्या-मानेवरच बसायला हवेत आणि त्यासाठी अंतर चाळीस यार्डांच्या आत असावं लागतं. उरलेल्या वीस-तीस यार्डांत कितीतरी सकाळी फुकट जातात. काही नर तर अवाक्षर न काढता मागून येतात आणि शिकाऱ्यानं मान वळवली की पसार होतात.

नजर हा त्याचा हुकमी एक्का. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न हलवताही त्याला भोवतालचा बहुतेक भाग दिसतो. रंग तर दिसतातच, पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही थोडेफार दिसतात. म्हणून काही शिकारी कपडे उजळवणारी धुण्याची पावडरही वापरत नाहीत. सुदैवानं नाकानं तो अधू आहे. हरणासारखा त्याला माणसाचा वास लागला असता, तर शेजारी घरीच झोपले असते. एरवी गोचीड मानेवर चढत असली तरी हात हलवायचा नाही.

आवाज काढायची साधनंही सरावाशिवाय दाद देत नाहीत. पाटीवर काडी घासायची, तोंडात पातळ पडद्याची चकती धरून फुंकायचं किंवा लाकडी पेटीवर झाकण घासायचं. या पेटीचं पेटंट आर्कान्सातल्या एका माणसानं 1897 मध्ये घेतलं. त्याच्या कितीतरी आधीपासून मूळ रहिवासी टर्कीच्याच पंखाच्या हाडांची नळी ओढून तो आवाज काढत. चूक सुरांत क्वचितच होते. जास्त बोलण्यात नेहमी होते.

यात धोकाही आहे. तुम्ही हुबेहूब मादीसारखे बोललात, तर दुसरा शिकारीही दबकत तुमच्याकडेच येतो. म्हणून लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर नकोत. ऐन माजातल्या नराच्या उघड्या डोक्यावर हेच रंग असतात. हे बदलते रंग जहांगीरानंही टिपून ठेवले आहेत. 1612 मध्ये त्याचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून, पोर्तुगीजांच्या बाजारातून, त्याच्यासाठी टर्की घेऊन गेला. बादशहानं त्याच्या डोक्याचा बदलता रंग पाहून सरड्याची आठवण काढली आणि मन्सूरकडून पक्ष्याचं चित्र काढवून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता विणीचा मुद्दा. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि मीलनानंतर घरट्याकडे ढुंकून पाहत नाही. मादी दहा-बारा अंडी घालून एकटीच सुमारे 28 दिवस उबवते, पिल्लंही तीच वाढवते. म्हणून वसंतात सहसा फक्त ‘दाढीवाला’ टर्की मारायची मुभा असते. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा केसांसारख्या पिसांचा झुपका. थोड्या माद्यांनाही तो असतो आणि मिसुरीच्या नियमानं तीही मारता येते. हा नियम मला पटलेला नाही.

परवानगी आहे, पण हात मोकळे सोडलेले नाहीत. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे गेल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत देशभरात जेमतेम दोन लाख टर्की उरले असावेत, असा अंदाज आहे. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात तगले नाहीत. मग तोफेसारख्या नळ्यांतून जाळं उडवून रानटी पक्षीच पकडले आणि ओसाड रानांत नेऊन सोडले, तेव्हा संख्या लाखांनी वाढली. मिसुरीनं 1960 मध्ये पुन्हा वसंती शिकार सुरू केली, तीही फक्त तीन दिवस. त्यात 94 टर्की पडले. आता तिथला हंगाम तीन आठवड्यांचा आहे, तरी माणशी दोनच पक्षी, त्यांतही पहिल्या आठवड्यात एकच.

तुमच्या शंकेचा एक भाग मात्र तिथल्या जाणकारांनाही छळतो. दक्षिणेकडच्या काही राज्यांत टर्की पुन्हा घटू लागले आहेत. मीलन उरकण्याआधीच नर मारले जातात, हे त्यामागचं कारण आहे का, यावर एकमत नाही. टेनेसीनं 2023 पासून हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला, त्यावर शिकाऱ्यांनी कुरकुर केली. तोवर झाडांना पालवी फुटते आणि नराचा आवाज लांबवर ऐकू येत नाही. पण तेव्हा बऱ्याच माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात आणि एकट्या पडलेल्या नराला खोटी सादही खरी वाटण्याचा संभव वाढतो. शेजाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात झोप काढून तिसऱ्यात जावं, असं मुलीकरवी त्यांना सुचवून पाहा.