नव्या संगणकावर जुनी कार्यप्रणाली : अडचणींचे निदान

शाळेत नवा संगणक येतो, नारळ फुटतो. आणि दुसऱ्याच दिवशी ध्यानात येते की, जुन्या संगणकावर चालणारा एखादा उपयुक्त प्रोग्राम ह्या नव्यावर उघडतच नाही. मग कपाटातील ‘विंडोज ७’ची डीव्हीडी बाहेर निघते व तीच प्रणाली नव्यावर बसवावी असे शिक्षकास वाटू लागते. विचार सरळ दिसतो. परंतु काम मध्येच अडते, आणि कोठे अडले हे न कळल्यामुळे शिक्षक पुनःपुन्हा तीच कृती करीत राहतो. ह्या खटपटीत निकालपत्रके व नोंदी पुसल्या जाण्याचा धोका असतो. तेव्हा अशा प्रसंगी निदान कसे करावे, हा ह्या पाठाचा हेतू आहे.

१. मूळ कारण

कार्यप्रणाली आणि यंत्राचा भाग ह्यांचा संवाद घडवून आणणारा जो लहान प्रोग्राम, त्यास ड्रायव्हर म्हणतात. प्रणाली तयार होतेवेळी प्रचलित असलेल्या भागांचे ड्रायव्हर तिच्यात घातलेले असतात. हा तिचा हजेरीपटच होय. विंडोज ७ हिचा हजेरीपट २००९ सालचा आहे. त्यानंतर आलेला भाग वर्गात बसलेला असूनही पटावर नाव नसल्यामुळे तिच्या लेखी गैरहजर असतो. यंत्र बिघडलेले नसते, डीव्हीडीही बहुधा खराब नसते. म्हणून ‘काय बिघडले?’ असे न विचारता ‘ही प्रणाली कोणास ओळखत नाही?’ असे प्रथम विचारावे.

उपाय दोन आहेत. पटावर नव्याचे नाव चढवावे, म्हणजे ड्रायव्हर पुरवावा. अथवा नव्याने जुन्याच नावास ‘हजर’ म्हणावे, म्हणजे संगणकाच्या बायोसमध्ये जुन्या पद्धतीशी जुळणारी सोय असल्यास ती चालू करावी. दोन्ही साधत नसल्यास हेका सोडावा.

२. पूर्वतयारी

(अ) शाळेच्या सर्व फायलींच्या दोन प्रती निरनिराळ्या साधनांवर काढाव्यात व त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

(आ) बायोसमधील मूळ निवडी वहीत उतरून घ्याव्यात. हार्ड डिस्कची पद्धत बदलल्यास आधीची प्रणाली सुरू न होण्याचा संभव असतो. नोंद असेल तर मागे फिरता येते.

(इ) नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्यावा. प्रणाली बसली तरी ती हे कार्ड न ओळखल्यास इंटरनेटवरून काहीच आणता येत नाही.

३. काम कोठे थांबले?

आजारी मुलास वैद्य जसे ‘कोठे दुखते?’ असे विचारतो, तसे काम कोणत्या टप्प्यावर थांबले ते प्रथम पाहावे.

पहिला टप्पा : आरंभच होत नाही. ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षेची सोय विंडोजने २०१२ सालच्या विंडोज ८ पासून स्वीकारली. ती चालू असता विंडोज ७ हीस प्रवेश मिळत नाही. म्हणून ती बंद करावी लागते. ती बंद करूनही पडदा ‘विंडोज सुरू होत आहे’ ह्या अर्थाच्या शब्दांवर थिजून राहिला, तर बायोसमध्ये ‘सीएसएम’ ही सोय शोधावी. विंडोज ७ पडद्यावर चित्र दाखविण्यासाठी जुन्या बायोसच्या पद्धतीवर विसंबते. ती पद्धत नव्या यंत्रात सीएसएम पुरविते. मात्र ही सोय २०२० पर्यंत काढून टाकण्याचा मनोदय इंटेल कंपनीने २०१७ सालीच जाहीर केला होता. त्यामुळे अनेक नव्या संगणकांत ती आढळत नाही. तेथे पुढील खटपट सहसा व्यर्थ जाते.

दुसरा टप्पा : कळफलक व माउस मुके होतात. बायोसमध्ये कळफलक चालतो, परंतु भाषा निवडण्याचा पडदा येताच थांबतो. ह्यावरून कळफलक निर्दोष आहे हे सिद्ध होते. कारण असे की, विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. पेनड्राइव्हवरून काम चालविले असल्यास ‘सीडी अथवा डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही’ अशा अर्थाचा फसवा संदेशही येतो. वस्तुतः प्रणालीस स्वतःचाच पेनड्राइव्ह दिसत नसतो. संगणक थोडा जुना असल्यास यूएसबी २ च्या पोर्टमध्ये जोडून पाहावे. परंतु २०१५ सालच्या इंटेलच्या सहाव्या पिढीपासून यूएसबी २ चा स्वतंत्र नियंत्रक वगळला गेला. त्यामुळे तेथे कोणतेही पोर्ट बदलले तरी फरक पडत नाही. गोल पिनेचे जुने पोर्ट असल्यास तसा कळफलक जोडावा. अन्यथा दुसऱ्या संगणकावर ‘डिझम’ ह्या साधनाने यूएसबी ३ चे ड्रायव्हर पेनड्राइव्हवरील ‘बूट’ आणि ‘इन्स्टॉल’ ह्या दोन्ही विम फायलींत मिसळावेत. केवळ पहिलीत मिसळल्यास बसविण्याचे काम पार पडते, परंतु प्रणाली सुरू होताच कळफलक पुन्हा मुका होतो.

तिसरा टप्पा : डिस्कच दिसत नाही. यंत्रात एनव्हीएमई जातीची डिस्क असल्यास मूळ विंडोज ७ तिला ओळखत नाही. ‘लोड ड्रायव्हर’ ह्या बटणाने तिचा ड्रायव्हर द्यावा, अथवा साधी साटा डिस्क जोडावी. साटा डिस्क विंडोज ७ ओळखते.

चौथा टप्पा : डिस्क दिसते, पण घेतली जात नाही. डिस्क ‘जीपीटी’ पद्धतीची असल्याचा संदेश येतो. काम जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाले असता विंडोज ७ तीवर बसत नाही. येथेच सर्वांत मोठी सावधगिरी हवी! डिस्क ‘एमबीआर’ करण्यासाठी ‘क्लीन’ ही आज्ञा दिल्यास तीवरील सर्व विभागांची नोंद पुसली जाते. प्रती तपासल्या नसल्यास येथे थांबावे. शिवाय एमबीआर पद्धतीत २ टेराबाइटपलीकडील जागा वापरता येत नाही, हेही ध्यानी धरावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, फळ वहीत लिहावे, मगच पुढे जावे. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्यास यश आले तरी ते कशाने आले हे सांगता येत नाही.

४. न बसविणे केव्हा श्रेयस्कर?

नव्या प्रोसेसरांस विंडोज १० लागेल, असे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले. विंडोज ७ चे सर्वसाधारण सुरक्षा-साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी संपले. म्हणून ती बसलीच तरी तो संगणक इंटरनेटला जोडू नये. मुलांच्या नोंदी तीवर ठेवून जोडणे तर सर्वथा टाळावे.

आपली गरज केवळ एका प्रोग्रामपुरती असेल, तर व्हर्च्युअलबॉक्ससारखे साधन वापरावे. ते नव्या प्रणालीच्या आत एक आभासी संगणक उभा करते व जुन्या प्रणालीस तिच्या ओळखीचे भाग दाखविते. म्हणजे येथे हजेरीपटाचा प्रश्नच उद्भवत नाही. खुद्द विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांतही एक्सपीचे जुने प्रोग्राम चालविण्यासाठी असाच ‘एक्सपी मोड’ देण्यात आला होता.

गरज जुन्या मराठी फायलींची असल्यास आणखी सोपा मार्ग आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने आहेत. एकवार रूपांतर करून जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घातले, की जुन्या प्रणालीची गरज राहत नाही.

५. स्वाध्याय

आपल्या शाळेतील कोणते काम केवळ जुन्या प्रणालीवर अडले आहे, ते एका वाक्यात लिहावे. नंतर ते काम प्रणाली न बदलता करता येईल काय, ह्याचा विचार करावा. पुष्कळदा ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे येते आणि डीव्हीडी कपाटातच राहते. तसे झाल्यास हा पाठ वाचण्याचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.