जुन्या इंजिनातली टिकटिक : काय करावे, काय टाळावे

उजनीच्या यशवंतसागराकाठी करमाळा, माढा आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांचा व्यवहार आजही जुन्या इंजिनांवर चालतो. वडापची कमांडर किंवा ट्रॅक्स, केळी वाहणारी 407, दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर. कुगावातून पलीकडची कळाशी दिसते, पण गाडीला लांबचा वळसा घालावा लागतो. अशा वाटेवर इंजिन बसले तर दिवस जातो आणि भाडेही जाते. टिकटिक मॅनिफोल्डच्या फाटक्या पॅकिंगची असू शकते, तशी बेअरिंग जाण्याची सुरुवातही असू शकते. म्हणून क्रम एकच ठेवावा : आधी ऑइल, मग कान, मग पाना.

काय करावे

1. पहिल्यांदा डिपस्टिक बघावी. गाडी सपाट जागेवर लावून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे थांबून पातळी पाहावी. ऑइल कमी असेल तर त्याच ग्रेडचे भरून पुन्हा ऐकावे. बरीच टिकटिक इथेच थांबते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर त्यात डिझेल उतरले आहे. या दोन्ही वेळी इंजिन चालू करू नये.

2. थंड आणि गरम, दोन्ही वेळा ऐकावे. सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद टिकटिक होऊन थांबली, तर ऑइल हेडपर्यंत उशिरा पोहोचते आहे. ऑइल आणि फिल्टर बदलायचे झाले का ते बघावे. थंड असताना मोठा असलेला आवाज इंजिन तापल्यावर कमी झाला, तर मॅनिफोल्डचे पॅकिंग किंवा झिजलेला पिस्टन यांवर संशय घ्यावा. तापल्यावर आवाज वाढला तर ऑइल पातळ पडते आहे आणि प्रेशर कमी होते आहे.

3. आवाजाची चाल ओळखावी. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणजे 700 फेऱ्यांच्या आयडलिंगला एका टॅपेटची टिकटिक मिनिटाला सुमारे 350 वेळा, सेकंदाला जेमतेम सहा वेळा पडते. ती बारीक असते आणि वरून, टॅपेट कव्हराखालून येते. खालून, चेंबरच्या बाजूने जड ठकठक येत असेल आणि चढाला किंवा भरल्या ट्रॉलीला ती वाढत असेल, तर रोख बिग एन्ड बेअरिंगकडे आहे.

4. लांब स्क्रू ड्रायव्हरने जागा शोधावी. टोक इंजिनावर आणि मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवून टॅपेट कव्हर, नोझल, पंप, चेंबर असे एकेक ठिकाण ऐकावे. डॉक्टरच्या नळीसारखाच हा उपाय आहे. फक्त पंखा आणि पट्ट्यापासून गमछा, बाही आणि केस लांब ठेवावेत.

5. बाहेरचे आवाज आधी वगळावेत. पट्टा काढून इंजिन फक्त मिनिटभर चालवावे. आवाज गेला तर दोष डायनामो, वॉटर पंप किंवा पंख्याच्या बेअरिंगमध्ये आहे. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो, म्हणून याहून जास्त वेळ चालवू नये.

6. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळी बघावी. काळा पट्टा दिसला तर धूर तिथून फुटतो आहे. हा आवाज हुबेहूब टॅपेटसारखा असतो आणि त्यापायी अनेकदा हेड विनाकारण उघडले जाते. गळणारा धूर केबिनमध्ये शिरत असेल तर तो बसणाऱ्यांच्या जिवालाही घातक आहे.

7. टॅपेट फिलर गेजनेच लावून घ्यावेत. गॅप किती आणि इंजिन थंड हवे की गरम, हे पुस्तिकेप्रमाणे ठरते. लावल्यानंतर थोड्याच दिवसांत गॅप पुन्हा वाढला, तर रॉकर, पुश रॉड किंवा कॅम झिजला आहे. मग नुसत्या सेटिंगने भागणार नाही.

8. ट्रॅक्टरच्या ऑइलचा हिशेब तासांवर ठेवावा. गळीत हंगामात कारखान्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन तासन्‌तास चालू राहते. अंतर वाढत नाही, ऑइल मात्र जुने होते. उसाच्या रस्त्यावरची धूळ एअर क्लीनरमध्ये साचते. ऑइल-बाथ क्लीनर असेल तर हंगामात तो वरचेवर धुऊन त्यातले ऑइल बदलावे. आत गेलेली धूळ आधी रिंगा आणि लायनर खाते.

काय टाळावे

1. आवाज दाबण्यासाठी टॅपेट आवळू नयेत. गॅप फार कमी झाला की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन जाते, स्टार्टिंग जड होते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, आवळलेला परवडत नाही.

2. जाड ऑइल ओतून आवाज लपवू नये. चार दिवस शांत वाटते, पण थंड स्टार्टला ऑइल वर चढायला उशीर होतो आणि झीज वाढते. पुस्तिकेत सांगितलेला ग्रेडच वापरावा.

3. चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन धुऊ नये. बेअरिंगवरचा ऑइलचा थर जातो आणि सुटलेला गाळ ऑइलच्या वाटा अडवतो.

4. कॉमन रेल इंजिनाची नोझल पाइप कधीही सैल करू नये. जुन्या पंपाच्या इंजिनावर अनुभवी मिस्त्री एकेक पाइप सैल करून कोणता सिलिंडर वाजतो ते ओळखतात. नव्या इंजिनात तीच गोष्ट जीवघेणी आहे; तिथल्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते. जुन्या गाडीवरही फवाऱ्याजवळ हात नेऊ नये.

5. नोझलची नेहमीची टकटक हा दोष समजू नये. जुने डिझेल इंजिन वाजतेच. कालपर्यंत नसलेला किंवा वाढत चाललेला आवाज, एवढाच तपासाचा विषय आहे.

6. फोनवरून आवाज ऐकवून हेड उघडायला सांगू नये. गाडी मिस्त्रीसमोर, शक्यतो रात्रभर थंड झालेली, चालू करावी. आवाज कधी, कोणत्या वेगाला आणि किती भाराला येतो हे नेमके सांगावे.

इथे मात्र लगेच थांबावे

ऑइल प्रेशरचा दिवा लागला, काटा खाली बसला, टिकटिकीची ठकठक झाली किंवा ऑइलमध्ये धातूची चमक दिसली, तर इंजिन त्याच जागी बंद करावे. टेंभुर्णी आता जवळच आहे म्हणून पुढे रेटू नये. ऑइलशिवाय बेअरिंग काही मिनिटांत क्रँकला चिकटते आणि बेअरिंगवर भागणारे काम क्रँक, रॉड आणि कधी ब्लॉकपर्यंत जाते. दुसऱ्या गाडीने ओढून नेण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

वडापच्या गाडीत शाळेची मुले आणि दवाखान्याला निघालेली माणसे असतात, ट्रॅक्टरवर घराचे हंगामाचे उत्पन्न असते. म्हणून टिकटिक पहिल्यांदा ऐकू येईल त्याच दिवशी डिपस्टिक ओढून बघा, पुढच्या फेरीनंतर नको.