इंटेल की एएमडी? : विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपची पारख

बारावीचा निकाल लागला आणि प्रवेशाच्या याद्या जाहीर झाल्या की आपल्या वस्त्यांतून हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "पोराला लॅपटॉप घ्यायचाय, इंटेलचा घ्यावा की एएमडीचा?" कोणी म्हणतो, इंटेलशिवाय दुसरे काही घेऊच नका. कोणी म्हणतो, एएमडी स्वस्त आणि मस्त. दुकानदार म्हणतो, आज ऑफर आहे, उद्या नाही. या गलबल्यात बापाच्या घामाचे चाळीस-पन्नास हजार रुपये पणाला लागलेले असतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड कुटुंबाला ही रक्कम म्हणजे हंगामाच्या उचलीचा मोठा भाग होय. म्हणून हा विषय किरकोळ न समजता सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी तो येथे सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम दृष्टी कशी असावी ते पाहू. केसपुत्त नगरातील कालामांनी तथागतांना विचारले होते की, येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कोणाचे मानावे? ऐकीव म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून हितकारक असेल तेच स्वीकारा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. अंगुत्तर निकायातील ही शिकवण जीवनाच्या मोठ्या प्रश्नांसाठी आहे हे खरे. पण बाजारात उभे राहतानाही ती उपयोगी पडते.

प्रोसेसर म्हणजे काय?

संगणकाला दिलेली प्रत्येक आज्ञा ज्या चिपमध्ये पार पाडली जाते, ती चिप म्हणजे प्रोसेसर. रॅम हे कामाचे टेबल समजावे आणि एसएसडी हे कपाट. प्रोसेसर हा टेबलाशी बसून काम उरकणारा कारकून. कारकून कितीही हुशार असला, तरी टेबल वीतभर असेल तर तो कागद शोधण्यातच दमतो. म्हणून एकट्या प्रोसेसरवरून लॅपटॉपची किंमत ठरवू नये, ही पहिली गोष्ट.

दोन कंपन्यांची कुळकथा

इंटेलची स्थापना १९६८ साली व एएमडीची १९६९ साली झाली. दोन्हींचे संस्थापक अमेरिकेतील फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून बाहेर पडलेले. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर इंटेलच्या चिपवर काढला. चिपच्या पुरवठ्यासाठी एकाच कंपनीवर विसंबणे आयबीएमला नको होते. त्यातून १९८२ साली इंटेल व एएमडी यांच्यात करार झाला आणि एएमडी इंटेलच्याच आराखड्याच्या चिप बनवू लागली. पुढे दोघांत कोर्टकचेऱ्या झाल्या. पण २००३ साली एएमडीने ६४-बिटची जी पद्धत आणली, ती पुढच्याच वर्षी इंटेलने उचलली. याचा आपल्यापुरता अर्थ असा की, दोघांची यंत्रभाषा एकच आहे. विंडोज, वर्ड, एक्सेल, टॅली, ऑटोकॅड हे सारे दोन्हींवर चालते. "एएमडीवर कॉलेजचे सॉफ्टवेअर चालत नाही" ही समजूत निराधार आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९९३ साली आलेल्या इंटेलच्या 'पेंटियम'चे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. ते पुढे इंटेल सोडून नेक्सजेन या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि १९९७ साली आलेल्या एएमडीच्या 'के-६' प्रोसेसरमागेही धामच होते. एकाच माणसाचे हात ज्या दोन घरांत राबले, त्यांपैकी एक उच्च आणि दुसरे नीच असे आपण कशाला मानायचे?

मग इंटेलचे नाव एवढे घरोघरी का पोचले? १९९१ पासून इंटेलने 'इंटेल इनसाइड' ही मोहीम चालविली. लॅपटॉपवर आपले चिकट लेबल लावणाऱ्या कंपन्यांना जाहिरातीच्या खर्चात वाटा दिला. सवलती देऊन प्रतिस्पर्ध्याची वाट अडविल्याच्या आरोपावरून युरोपीय आयोगाने २००९ साली इंटेलला १०६ कोटी युरोचा दंड ठोठावला. पुढे २०२२ साली न्यायालयाने तो रद्द केला व २०२४ साली वरिष्ठ न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. आरोपाच्या दुसऱ्या एका भागाबद्दल मात्र २०२३ साली आयोगाने ३७.६ कोटी युरोचा दंड नव्याने बसविला. निवाडा कसाही लागो, ग्राहकाने एवढे ओळखावे की नावाची ख्याती हा गुणाचा पुरावा नव्हे.

नावाला नको, आकड्याला वाचा

खरी मेख येथे आहे. दुकानात "आय-फाइव्ह आहे" किंवा "रायझेन-फाइव्ह आहे" एवढेच सांगतात. तेवढ्यावर थांबू नये. पुढचा पूर्ण आकडा लिहून घ्यावा.

उदाहरण घेऊ. इंटेलचा आय५-७२००यू हा २०१६ सालचा, सातव्या पिढीचा. त्यात फक्त २ कोर, म्हणजे काम करणारे दोन हात. आय३-१२१५यू हा २०२२ सालचा, बाराव्या पिढीचा. त्यात ६ कोर आहेत. नावाने 'आय-थ्री' धाकटा, पण कामात तो जुन्या 'आय-फाइव्ह'ला मागे टाकतो. २०२३ पासून इंटेलने 'आय' हे अक्षर टप्प्याटप्प्याने काढून 'कोअर ५', 'कोअर अल्ट्रा' अशी नावे सुरू केली. त्यांतही 'कोअर ५ १२०यू' हा नव्या नावाचा असला, तरी त्याची घडण तेराव्या पिढीचीच आहे.

एएमडीतही तोच प्रकार. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू यांत फरक दिसतो एका आकड्याचा. पण पहिल्यात ४ कोर असून त्याची घडण २०१९ साली आलेल्या 'झेन-२' ची आहे. दुसऱ्यात ६ कोर असून घडण त्यानंतरच्या 'झेन-३' ची आहे. शिवाय ७५२०यू बरोबरची रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती पुढे वाढविता येत नाही. या ७००० मालिकेत तिसरा आकडा घडण सांगतो, हे ध्यानात ठेवावे.

शेवटचे अक्षरही बोलते. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी टिकविणारा. 'एच' म्हणजे जादा ताकदीचा, पण जास्त तापणारा व वीज खाणारा. ज्या गावात भारनियमन आहे, तेथे राहून अभ्यास करणाऱ्याला 'यू' बरा. बॅटरी किती वॅट-अवरची आहे हेही विचारावे. तो आकडा जेवढा मोठा, तेवढी साठवण अधिक.

कोणत्या अभ्यासक्रमाला काय हवे?

१) कला, वाणिज्य, विधी, शिक्षणशास्त्र : टंकलेखन, पीडीएफ वाचन, ऑनलाइन व्याख्याने, टॅली. येथे दोन्हींपैकी कोणताही अलीकडचा साधा प्रोसेसर, ८ जीबी रॅम व एसएसडी पुरे. जादा पैसे प्रोसेसरवर घालू नयेत.

२) बीएस्सी, कृषी, बीसीए : राहुरीच्या कृषी विद्यापीठात संख्याशास्त्राचे काम करणारा विद्यार्थी असो की बीसीएचा असो, ८ जीबी चालेल. पण रॅम पुढे वाढविता येईल असाच लॅपटॉप पाहावा.

३) संगणक अभियांत्रिकी : लोणी, संगमनेर, कोपरगाव येथील महाविद्यालयांत आपली बरीच मुले आहेत. त्यांना १६ जीबी रॅम व किमान ६ कोर असावेत. मोबाईल अॅप बनविण्याची साधने रॅम फार खातात. 'मशीन लर्निंग'साठी ज्याला 'कुडा' वापरायचे आहे, त्याला एनव्हिडियाचे ग्राफिक कार्ड लागते. तेथे प्रोसेसर इंटेलचा की एएमडीचा हा प्रश्नच गौण ठरतो.

४) यंत्र व स्थापत्य अभियांत्रिकी : आराखड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी 'एच' वर्गाचा प्रोसेसर व १६ जीबी रॅम. पण घाई नको. पहिल्या वर्षी काय लागते ते वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारून मगच घ्यावा.

२०२४ पासून क्वालकॉम कंपनीच्या 'स्नॅपड्रॅगन एक्स' चिपचे विंडोज लॅपटॉपही आले आहेत. त्यांची बॅटरी चांगली टिकते, पण त्यांची यंत्रभाषा वेगळी असल्याने काही सॉफ्टवेअर अडतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कॉलेजात विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत.

जुना लॅपटॉप घेताना

परिस्थिती बेताची असेल तर जुना लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. मात्र विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. एएमडीच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टच्या यादीत पूर्ण आकडा आहे का ते पाहावे. स्वस्तात मिळणारे सातव्या पिढीचे 'आय-फाइव्ह' आणि 'आय-सेव्हन' या अटीत बसत नाहीत. ते घ्यावयाचेच तर लिनक्स वापरण्याची तयारी ठेवूनच घ्यावेत.

पैशांचा हिशेब

बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही हप्त्यांचे हिशेब रोज पाहतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. समजा, एक लॅपटॉप रोखीने ४५,००० रुपयांना मिळतो आणि 'बिनव्याजी' हप्त्याने ४,००० रुपयांचे १२ हप्ते, म्हणजे ४८,००० रुपये पडतात. हे ३,००० रुपये म्हणजेच व्याज. वरवर ते पावणेसात टक्क्यांच्या आत वाटते. पण मुद्दल दरमहा घटत असल्याने खरा दर वर्षाला सुमारे १२ टक्के येतो. त्यावर प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे.

शैक्षणिक कर्ज घ्यावयाचे असेल तर अभ्यासक्रमाला आवश्यक असलेल्या संगणकाचा खर्च त्यात धरता येतो. मात्र तो अर्ज करतानाच अंदाजपत्रकात दाखवावा. ४ लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण लागत नाही. उलट दुकानातला हप्ता थकला तर त्याची नोंद पालकांच्या पत अहवालात होते आणि पुढे मुलाच्या शैक्षणिक कर्जाला तीच आडवी येते. स्वाधार योजनेची रक्कम भोजन-निवासासाठी असते. ती येईल या भरवशावर हप्ते बांधून घेऊ नयेत.

दुकानात जाताना

प्रोसेसरचा पूर्ण आकडा, रॅम किती व वाढविता येते का, एसएसडी किती जीबीची, बॅटरी किती वॅट-अवरची, वॉरंटी घरपोच की सर्व्हिस सेंटरवर, आणि ते सेंटर नगरला आहे की पुण्याला न्यावे लागेल, हे सहा प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. जीएसटीचे पक्के बिल विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या नावे घ्यावे. सारख्या किमतीचा एक इंटेलचा व एक एएमडीचा लॅपटॉप समोरासमोर ठेवून ही सहा उत्तरे ताडून पाहावीत. ज्याची उत्तरे सरस, तो आपला. लेबल कोणतेही असो.

आपल्या समाजाला शिक्षणाचा मार्ग बाबासाहेबांनी दाखविला. आज त्या मार्गावर लॅपटॉप हे एक साधन झाले आहे, पण ते साधनच आहे. पदवी मिळविणारा प्रोसेसर अद्याप कोणत्याही कंपनीने काढलेला नाही. ज्यांचे शिक्षण पुरे झाले आहे, अशा आपल्या तरुणांनी नव्या विद्यार्थ्यासोबत एक दिवस दुकानात जावे, आकडे वाचून दाखवावेत, एवढीच आमची विनंती. एका घरचे पाच हजार रुपये वाचले, तर त्यात वर्षाची पुस्तके येतात.

नमो बुद्धाय! जयभीम!