गाडी थांबते कशी, ते बघा

कुंभार्ली घाट उतरताना पोफळीच्या वर एका वळणावर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. पुढच्या वळणाला आणखी खोल. शेजारी बायको, मागे आई. मी दुसरा गिअर टाकला, मग पहिला, आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. थांबली. इंजिन तेव्हाही झकास चालत होतं. धूर नाही, खडखड नाही, अ‍ॅव्हरेजही उत्तम. ही जुनी डिझेल गाडी पुण्यात एका एजंटकडून घेतली, तेव्हा सोबतच्या जाणकारांनीही इंजिन ऐकूनच मान डोलावली होती.

चिपळूणच्या मेकॅनिकने मागची चाकं उतरवली. दोन्ही व्हील सिलिंडर गंजलेले, एकातून ब्रेक ऑइल झिरपत होतं आणि डब्यात उरलेलं कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. घाटात पाय सतत ब्रेकवर राहिला की ते तापतं, आतल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. मग त्याने ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. एरवी रिळात गुंडाळलेल्या टोकाशी पट्ट्यावर मातकट डाग होता. "दादा, ही गाडी पाण्यात होती," तो म्हणाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात भरलं, त्यानंतर अशा कितीतरी गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. तरी माझी खात्री पटावी म्हणून त्याने मॅटिंग उचललं आणि सीटच्या रुळाखालचा वाळका गाळ नखाने खरवडून दाखवला.

बुडालेली गाडी धुऊनपुसून, नवे सीट कव्हर चढवून विकली जाते आणि बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यात विकली जाते. इंजिन उघडून नीट केलं तर ते चालतंही. पण पाणी जिथे साचतं तिथे आपलं लक्ष नसतं. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, मधल्या उंचवट्यावर, जवळपास फरशीलगतच बसवलेला असतो. वायरिंगचे कितीतरी जोड गालिच्याखालून जातात. ते हळूहळू गंजत राहतात आणि दगा देतात तो नेमका गरजेच्या क्षणी. म्हणून सीट बेल्ट पूर्ण ओढून बघा, स्टेपनी काढून तिच्या खड्ड्याच्या कोपऱ्यांत बोट फिरवा, डॅशबोर्डखाली टॉर्च मारून लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का पाहा. आणि विम्याच्या मागच्या पॉलिसी मागा. दाव्याविना वर्षं गेली तर नो क्लेम बोनस वीस टक्क्यांपासून पन्नासपर्यंत चढत जातो. एखाद्या वर्षी तो एकदम शून्यावर आला असेल आणि त्याआधीच्या पावसाळ्यात त्या गावात पूर येऊन गेला असेल, तर मालकाला सरळ विचारा. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर तारखेसकट सगळ्यांच्या लक्षात आहे. मात्र नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर हा माग लागत नाही. तिथे तुमचे डोळेच कामाला येतील.

जुनी गाडी घेताना आपण दोन वेगळे प्रश्न एकात कालवतो, असं माझं आता पक्कं मत आहे. ती रस्त्यात बंद पडेल का, हा एक प्रश्न. ती माणसं सांभाळेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चुकलं तर टोचन करावं लागतं, दुसऱ्याचं चुकलं तर काय होतं ते मी घाटात बघितलं आहे. दुसरा प्रश्न सरकार आपल्या वतीने विचारत असेल, हाही समज सोडा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिचे ब्रेक तपासायला कुणी बोलावत नाही. पीयूसी फक्त धुराचं असतं. तेव्हा "पेपर सगळे क्लिअर आहेत" हे ऐकून ब्रेकबद्दल काहीही कळत नाही.

ब्रेक तुम्ही स्वतः, उभ्या गाडीत तपासू शकता. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग पाय घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. पेडल सावकाश खाली सरकत गेलं तर ऑइल कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडर आतून गेलाय. पाय न काढता इंजिन सुरू करा. आता पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरमध्ये दोष आहे. यानंतर मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, जोरात ब्रेक मारा आणि स्टिअरिंग कुठल्या बाजूला ओढतं ते बघा.

चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड. पण तो मुळीच पेटला नाही तर जास्त सावध व्हा, कारण बिघाड लपवायला दिवाच काढून टाकणारे आहेत. गाडीचं वर्षही महत्त्वाचं आहे. नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत या दोन्ही गोष्टी आहेत की नाही हे व्हेरियंटवर ठरतं, मॉडेलच्या नावावर नाही.

बॉडी बघताना रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टांवरचा रंग खरडलेला आहे का पाहा. असेल तर पत्रा उघडला गेलाय. नुसता फेंडर बदलला असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. पण आतल्या अ‍ॅप्रनवर किंवा दाराच्या पिलरवर कंपनीच्या गोल, सारख्या अंतरावरच्या वेल्डिंगच्या ठशांऐवजी ओबडधोबड वेल्डिंग दिसलं, तर ती गाडी सोडा, किंमत कितीही पाडून मिळो. तो सांगाडाच धडक सोसायला असतो. कोकणातल्या, खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाडीचे दारांखालचे पत्रे रॅम्पवर घेऊन खालून ठोकून बघा. रॅम्पवर न्यायला मालक नको म्हणाला तर तिथेच राम राम करा.

टायरवर नक्षी खोल दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर नक्षी न झिजताच मरतं.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळेच बघतात. बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटला हात लावा, ते थंड असलं पाहिजे. गरम करून ठेवलेलं इंजिन सकाळचा निळा धूर आणि जड स्टार्ट दोन्ही लपवतं.

ठरलेल्या पैशातली काही रक्कम बाजूला काढूनच सौदा करा, आणि गाडी घरी आली की म्युझिक सिस्टिमच्या आधी ब्रेक पूर्ण उघडून घ्या, गरज असेल तर टायर बदला. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या, नाहीतर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई अडते. ब्रेक ऑइल बदललं की तारीख मार्करने डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. दोन वर्षं झाली की ते पुन्हा बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी.